त्रेचाळीस ठिकाणी एक झाड

१ सप्टेंबर १९४३, बुधवार

बोरी फुलल्या आहेत. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. फूल पिवळट हिरवं, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं. जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. वास मात्र बांधापासून येतो, आंबूस. माश्या आहेत. मिरजगावात माश्यांची वानवा कधीच नव्हती.

गेल्या साली निम्मी झाडं फुलली आणि एकही फळ धरलं नाही. पाऊस लागला असं आम्ही म्हणालो. या साली पाऊस बेताचा आहे.

आप्पा जेवताना बोलत नाहीत. आज बोलले. "दिवाळीपर्यंत बघतो. बाग धरली तर तू म्हनशील तसं. न्हाई धरली तर झाडं गोरक्षला, आन तू श्रीगोंद्याला."

गोरक्ष कोळशाचा कंत्राटदार. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात, आणि कोळशाला बोर चांगली. श्रीगोंदा म्हणजे माझं सासर. सासू बाहेर जाताना माझ्या खोलीला बाहेरून कडी घालायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, नवऱ्यालाही. तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी कडी घालायची राहिली. तेव्हापासून मी इथे वडिलांकडे आहे.

मी म्हणाले, "दिवाळी कशाला, संक्रांतीपर्यंत थांबा. बोरं खायला घालते."

आप्पांनी भाकरी मोडली.

६ सप्टेंबर

एका फांदीला दोरा बांधून फुलं मोजून ठेवली होती. एकशे अठरा. आज नऊ उरली आहेत. देठ पिवळा पडतो, मग बोट लावलं की फूल गळतं. कीड नाही, रोग नाही. पानं लकाकतात. झाडाला काही कमी नाही आणि झाड काही देत नाही.

बनुबाई माझ्याबरोबर खुरपायला असते. ती म्हणाली, "माजलीया बोर. चपलेनं मारायचं. लाजून धरती."

"लाजून कुणी काही करतं का?"

"व्हय की. म्या लगीन केलं."

चपलेनं मारलं नाही. पण मनात आलं, हे लिहून ठेवते.

१० सप्टेंबर

कादरभाई आले होते. नगरचे बागवान. या माळावरच्या रानबोरी दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांनीच बुंध्याला छाटल्या आणि पावसाळ्यात त्यांच्यावर डोळे भरून कलमं केली. सगळे डोळे त्यांच्या मळ्यातल्या एकाच गोड झाडाचे.

बागेत एक फेरी मारली आणि विचारलं, "ताई, पीराची कुठाय?"

कोपऱ्यातली एक बोर त्यांनी तशीच सोडली होती, डोळा न भरता. प्रत्येक बागेत एक पीराच्या नावाने सोडतात. ते नगरला परत गेल्यावर तिच्यावर मी डोळा भरला, त्यांचं पाहून शिकलेला, आयुष्यातला पहिला. बांधावरची बोराटीही तोडून कुंपणाला घातली. रानातली एकही फांदी ठेवली नाही. तेव्हा ते मला स्वच्छ वाटलं. अजून वाटतं.

कादरभाईंनी जोडावरून अंगठा फिरवला. "सफाईनं भरलाय," म्हणाले आणि खाली बसले. "पन पीराची सोडायची आसती."

"का?"

"वडील सोडायचे."

"पीर बोरं खातो?"

"पीराचं म्हाईत न्हाई. वडील खायचे. त्येन्ला आंबट लागायची."

जाताना त्यांनी कोपऱ्याकडे बघून हात छातीला लावला. मला कड्यांचा जितका कंटाळा आहे तितकाच पीराचा आणि देवाचा. ते झाड आता माझं आहे.

१४ सप्टेंबर

ऑगस्टात पुण्याच्या शेतकी कॉलेजला पत्र टाकलं होतं. आज उत्तर आलं. दोन ओळी आणि एक इंग्रजी पुस्तिका. "बोरीवर इथे असे काम झालेले नाही. नासपतीवरचे पाठवत आहोत. परत करावे."

नासपतीचं झाड मी पाहिलेलं नाही. फळ एकदा पाहिलं, नगरला कॅम्पात, टोपलीत कापसात ठेवलेलं. आजारी माणसासारखं.

१६ सप्टेंबर

दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले. समजलं ते असं.

झाडात खुणा असतात. दोन, एक आईकडून, एक बापाकडून. परागाच्या कणात त्यांतली एकच उतरते. कण फुलाच्या माथ्यावर पडला की त्याला नळी फुटते आणि ती खाली बीजाकडे निघते. पण कणाची खूण त्या झाडाच्या दोहोंपैकी एखादीशी जुळली तर नळी वाटेतच थांबते. झाड ओळखतं, हा मीच आहे. घेत नाही. मग फूल गळतं. झाड निरोगी असलं तरी गळतं. विलायतेत नासपतीच्या बागाच्या बागा अशा फुलून रिकाम्या राहिल्या.

एवढा हट्ट झाडात असतो हे वाचून मला बरं वाटलं.

त्यापुढच्या वाक्याला शब्दकोश लागला नाही. एका झाडाचे डोळे भरून वाढवलेली सगळी झाडं या बाबतीत एकच झाड.

उठून बाहेर आले. मी त्रेचाळीस झाडं वाढवलेली नाहीत. एक झाड त्रेचाळीस ठिकाणी उभं केलं आहे. वारा इकडचा पराग तिकडे नेतो, माश्या नेतात, आणि सगळीकडे तेच ते स्वतःला भेटतं.

१७ सप्टेंबर

पण पुस्तिका नासपतीची आहे. बोर तशीच असेल कशावरून? बघितल्याशिवाय मी काही मानणार नाही.

चार फांद्या निवडल्या. उद्या उमलतील अशा चाळीस-चाळीस कळ्या ठेवून बाकी खुडल्या. वर मलमलीच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे माशी जाणार नाही. पांढऱ्या दोऱ्याच्या फांदीला त्याच झाडाचा पराग. लाल दोऱ्याला बागेतल्या दुसऱ्या झाडाचा. हिरव्याला ओढ्याकाठच्या गावठी बोरीचा. काळ्याला वरच्या माळावरच्या रानबोरीचा, तिथे अजून पुष्कळ आहेत.

आमची बोर सकाळी उमलते, माळावरची दुपार टळल्यावर. म्हणून दोनदा जावं लागतं. फूल चिमटीत धरून फुलाला लावायचं. इतकं लहान की श्वास रोखावा लागतो.

पिशव्यांसाठी आप्पांचं धोतर फाडलं.

"धोतर माझं हुतं," ते म्हणाले.

"जुनं होतं."

"नेसलेलं न्हाई म्हून जुनं व्हय?"

२७ सप्टेंबर

दहा दिवस झाले. पिशव्या सोडल्या.

पांढरा: काही नाही. लाल: काही नाही. हिरवा: काही नाही. काळा: अकरा. मोहरीएवढे हिरवे दाणे, देठाला घट्ट. बोट लावलं, गळले नाहीत. पुन्हा लावलं.

हिरव्याने घाबरवलं. ओढ्याकाठची बोर वेगळी आहे, मग तिचा का नाही चालला? पुस्तिका खोटी असेल तर अकरा दाणेही योगायोग. बनुबाईला विचारलं, ओढ्याकाठच्या बोरीची फळं कशी असतात.

"गोड. तुमच्या बागंला लागायची हायेत तशीच."

"गावठी झाडाची?"

"ती कुठं गावठी हाय? कादरभाईच्या बापानं डोळा भरलाय तिच्यावर. म्या न्हानी हुते तवा." मग म्हणाली, "वाढलीया रानावानी, म्हून तुमास्नी तसं वाटलं."

म्हणजे चव्वेचाळिसावं ठिकाण. मी ज्याला रान समजले तेही तेच झाड होतं.

रात्रभर पिशवी न लावलेल्या फांद्यांचा विचार डोक्यात. फुलोरा अजून तीन आठवडे टिकेल. माझ्या रानात गावठी फांदी एकही नाही, आणि ती मी माझ्या हाताने तोडली. पीराचीसुद्धा. कादरभाईंच्या वडिलांना कारण ठाऊक नव्हतं, झाड सोडायचं एवढं ठाऊक होतं. मला कारण ठाऊक आहे आणि झाड नाही.

२८ सप्टेंबर

वरच्या माळावर गेले. निम्म्या बोरी पडलेल्या. गोरक्षने माळ तोडीला घेतला आहे. भट्टी धुमसत होती, तो तिच्यावर माती ओढत होता.

मी म्हणाले, "या बोरी दिवाळीपर्यंत ठेवा."

"का वो बाई?"

"यांचा पराग मला हवाय. माझ्या झाडांना स्वतःचा चालत नाही."

त्याने ऐकून घेतलं. कुऱ्हाडवाल्यांनीही हात थांबवले. "झाडांचं लगीन लावताय म्हना की."

"म्हणा."

"आन तुमचं मोडून आलाय."

कुऱ्हाडवाले जमिनीकडे बघू लागले. मी म्हणाले, "मोडलेलं काय ते मला कळतं, म्हणून तर हे काम मला जमेल."

तो हसला, वाईट नाही हसला. "झाड न्हाई ठिवायचो. नगरच्या मोटारी हुब्या ऱ्हातील. पन ढाळ्या न्या. काटं आन फुलं माझ्या भट्टीत जात न्हाईत, फेकूनच देतो. फुलाचा काय कोळसा हुतो व्हय?"

फुलांनी लगडलेल्या ढाळ्यांचे ढीग त्याच्या मागेच पडले होते. आज तोडलेल्या अजून ताज्या होत्या. एक ढाळी ओढत घरी आणली आणि पाण्यात ठेवली.

३० सप्टेंबर

पाण्यात ढाळी टिकते. आज दुपारी तिच्यावर नवी फुलं उमलली, झाड तिकडे जळत असताना.

कुंभाराकडून फुटकी-तडकी मडकी आणली. तडा मेणाने बुजवायचा, पाणी भरायचं, ढाळी ठेवायची, मडकं दोरीने फांदीला टांगायचं. बाकीचं माश्यांवर सोपवायचं. प्रत्येक झाडाला एक मडकं आणि तिसऱ्या दिवशी नवी ढाळी. बनुबाई म्हणाली, बाग न्हाई, गोकुळाष्टमी वाटतीया. दोघी खूप हसलो. हात कोपरापर्यंत ओरबाडले आहेत. बोरीला दोन काटे असतात, एक सरळ, एक वाकडा. सरळ टोचतो, वाकडा सोडत नाही.

४ ऑक्टोबर

दिवसाला सात-आठच झाडं होतात. ढाळ्या ओढत आणायच्या, मैलभर. बैलगाडी आप्पांची आहे. मागणार नाही.

गावातल्या बायका बांधावर येऊन बघून जातात. एकीने मडक्याला हळदकुंकू लावलं. पुसलं नाही, वेळ नव्हता.

७ ऑक्टोबर

सकाळी गेले तर पश्चिमेच्या ओळीत सहा मडकी आधीच भरलेली, ताज्या ढाळ्या. बनुबाईला म्हणाले, इतक्या लवकर यायची गरज नाही. ती म्हणाली, "म्या आत्ताच येतीया." तिला श्रेय घ्यायला आवडत नाही.

९ ऑक्टोबर

आज पुन्हा आठ मडकी.

आप्पा माळाकडून गाडी घेऊन येताना दिसले. गोरक्ष शेजारी बसला होता, दोघं बोलत होते. मला पाहून थांबले. म्हणजे सौदा ठरतो आहे, आणि दिवाळीची मुदत मला गप्प ठेवण्यापुरती आहे. जेवताना पाहिलं, त्यांचे दोन्ही हात ओरबाडलेले, पाण्याच्या तांब्याला बोट लावता येत नव्हतं. माझी झाडं कवेत घेऊन मापत असतील, किती कोळसा निघेल ते. मी विचारलं नाही. हळदीची वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि उठले.

१३ ऑक्टोबर

काही दिसत नाही. पहिली मडकी टांगून चौदा दिवस झाले. पूर्वेच्या झाडांखाली फुलांचा सडा, झाडूने ओढावा इतका.

माझंच चुकलं असेल. चाळीस फुलांतली अकरा हाताने लागली, हात म्हणजे माशी नव्हे. मी नासपती वाचून बोरीला शहाणपण शिकवते आहे. श्रीगोंद्याला त्या खोलीला खिडकी होती. खिडकीतून शेवग्याचं झाड दिसायचं. तेवढं आठवलं आणि पाणी भरायला गेले. इथे लिहून ठेवते: मी जाणार नाही. बाग धरली नाही तरी जाणार नाही. मग काय करीन ते माहीत नाही.

१९ ऑक्टोबर

आहेत.

पूर्वेच्या ओळीत, मडक्यांच्या आसपास, पानांच्या बेचक्यांत. हरभऱ्याएवढी. मडक्यापासून दोन हातांवर दाट, चार हातांवर विरळ, पलीकडच्या बाजूला नाहीत. माश्या किती आळशी असतात हे झाडावर लिहिलेलं दिसतं.

बनुबाई म्हणाली, "लाजली शेवटी."

"लाजली नाही," मी म्हणाले. "तिला दुसरं कुणी भेटलं."

"मंग त्येच की."

२५ ऑक्टोबर

दिवाळीला तीन दिवस. गोरक्ष चार कुऱ्हाडी घेऊन आला. आप्पा त्याच्याबरोबर बांधावर उभे. मी आत उभी राहिले, पहिल्या झाडाशी.

गोरक्ष सगळी बाग फिरला. प्रामाणिक आहे, वाकून बघत होता. म्हणाला, "एकोनीस धरलीत. ती तुमची. चोवीस रिकामी हायेत, ती माझी. आप्पा, बोली तशीच हुती."

चोवीस खरोखर रिकामी होती. त्यांच्यापर्यंत ढाळ्या पोहोचल्या तेव्हा फुलोरा सरत आला होता. न धरलेलं झाड गोरक्षला, ही बोलीही खरी.

मी म्हणाले, "इथे एकच झाड आहे."

"म्हंजी?"

"कादरभाईंच्या एका झाडाचे डोळे. खुंट वेगळे, झाड एक. ते धरलंय. धरलेलं झाड अर्धं तोडायची बोली नव्हती."

"बाई, मला त्रेचाळीस दिसत्यात."

"तुम्हाला दिसतात. पण झाडाला तसं वाटत नाही. तसं वाटत असतं तर दीड महिन्यापूर्वीच फळ लागलं असतं, आणि तुम्हाला इथे यायची गरज पडली नसती."

कुऱ्हाडवाल्यांतला एक हसला. गोरक्ष आप्पांकडे वळला. "हे काय इपरीत? तुमी सांगा."

आप्पा बांधावरून खाली उतरले. एका रिकाम्या झाडाच्या खोडाला हात लावून उभे राहिले. त्यांचे ओरखडे आता वाळले आहेत.

"झाड धरलंय," ते म्हणाले.

"आप्पा, तुमी दोन आठवडं माझ्या माळावरनं—"

"गोरक्ष, चहा घे आन जा."

तो चहा न घेता गेला. आप्पांनी असं का केलं मला कळत नाही. त्यांना मोजता येतं. लोकांपुढे मुलीला खोटं पाडायचं नसेल. मी त्यांना धन्यवाद दिले नाहीत. मला हक्काचं मिळालं आहे.

१२ डिसेंबर

पहिली पिकलेली. कादरभाई न्यायला आले. एक खाऊन डोळे मिटले.

मी त्यांना खुणांचं सगळं सांगितलं. कण, नळी, दोन खुणा. त्यांनी नीट ऐकलं. "मंजे एक परका लागतो बागेत."

"हो."

"त्योच पीर."

वाद घातला नाही. एप्रिलात आठ झाडं जोडाखाली छाटून खालची रानबोर वर येऊ देणार आहे. ते म्हणाले, तीन बास. मी आठ म्हणाले. कोपऱ्यातलं झाड त्यांत पहिलं. त्याचा जोड खरोखर सफाईचा आहे, म्हणून जरा वाईट वाटतं.

१६ जानेवारी १९४४

श्रीगोंद्याचे आले होते. स्वतः. सकाळच्या मोटारीने, इस्त्रीची टोपी. बातमी तिथवर गेली आहे.

तोडणी चालू होती. आप्पा गोणपाटावर बसून बोरं निवडत होते, बनुबाई झाडाआड. मी टोपली खाली ठेवली नाही.

"बाग बरी केलीस," ते म्हणाले.

"हो."

"गडी ठिवू हितं. आप्पांची नजर राहील. तू चल आता." मग म्हणाले, "कडी कुनी घालत न्हाई. आईला उठवत न्हाई हल्ली."

"उठवत असतं तर?"

ते आप्पांकडे वळले. "आप्पा, तुमीच समजावा."

आप्पांनी एक किडकं बोर बाजूला टाकलं. "तिला इचारा. झाडं तिची हायेत."

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी माझ्या टोपलीतलं बोर उचलून खाल्लं. आवडलेलं दिसलं. बी गालात धरून म्हणाले, "मग घरी काय सांगू?"

"आधी बी थुंका. मग सांगा, रतन येत नाही."

त्यांनी बी थुंकली, बांधाच्या आतच, आणि टोपी सारखी करून मोटारीकडे गेले. मी तिच्यावर पायाने माती ओढली. बीपासून येतं ते झाड नवं असतं.